तारा उतरवू नकोस

दादाला जाऊन आज सहा आठवडे झाले. कलकत्त्यातल्या गार्डन रीचच्या आमच्या रेल्वे क्वार्टरमधून तो आपल्या पायांनी चालत इस्पितळात गेला. पोटात दुखत होतं, एवढंच. दाराशी चपला घालता घालता मला म्हणाला, "चिमे, गिटारीच्या तारा आत्ताच सुरात लावल्यात, उतरवू नकोस हं. संध्याकाळी येऊन वाजवायचंय." अपेंडिक्स आतल्या आत फुटलं होतं. तिसऱ्या दिवशी नाना एकटेच परत आले आणि उंबऱ्यातच खाली बसले… आपल्या वडिलांना पाणी विचारायचंही मला सुचलं नाही.

दादा रेल्वेत नकाशे काढायचा. साहेबलोक गाशा गुंडाळून विलायतेला निघाले त्या सुमारास एका मडमेकडून त्याने ही गिटार घेतली. कलकत्त्यात जिकडेतिकडे हवाइन गिटार, मांडीवर आडवी ठेवून वाजवायची, लोखंडी तारांची, खणखणीत. दादाची स्पॅनिश, तातीच्या म्हणजे आतड्याच्या तारांची. तिचं आपलं सगळं हळू. तारा घ्यायला लालबाजारजवळच्या एका दुकानात तो मला मुद्दाम न्यायचा, आणि तिथे गेला की त्याला वेळेचं भान म्हणून राहायचं नाही. एकेक तात दोन्ही हातांत ताणून उजेडासमोर धरायचा नि मला छेडायला लावायचा; खरी तात थरथरताना दोन स्वच्छ रेषांसारखी दिसते. "काय दिसतं?" "दोन रेषा." "स्वच्छ?" "मध्ये जरा धुरकट आहे रे…" "मग ही खोटी. ठेव परत." दहा बघायच्या तेव्हा एक पसंत पडायची. दुकानातले म्हातारे बाबू म्हणायचे, तार घ्यायला आलात की मुलगी बघायला? मी कंटाळून पाय बदलत उभी असायची. आज वाटतं, अजून तासभर का नाही उभी राहिले!

मराठी मंडळींच्या गणपतीत तो पहिल्यांदा वाजवायला बसला, तेव्हा मागच्या रांगेतून कुणीतरी विचारलं, "अहो, सुरू झालं का?" सगळा हॉल हसला. दादाही हसला. मला मात्र ते फार झोंबलं. पुढच्या वर्षी गणपती चार दिवसांवर आला असताना दादा कामासाठी खरगपूरला गेला होता. म्हटलं, थांबा, आता ऐकवतेच तुम्हाला! ट्राम पकडून एकटी दुकानात गेले. बाबू नव्हते, दुसराच कुणी होता. त्याने विचारलं, "कौन सा गिटार?" मी मोठ्या ऐटीत सांगितलं, "वही, जो सब बजाते हैं. जोरदार आवाजवाला तार दीजिए." त्याने बिचाऱ्याने हवाइनच्या लोखंडी तारा दिल्या. घरी येऊन त्या मी चढवल्या, पिळून पिळून सुरात आणल्या. काय आवाज निघाला म्हणता! समोरच्या बंगाली मित्रबाई खिडकीत येऊन उभ्या राहिल्या. दुसऱ्या दिवशी आम्ही जेवायला बसलो होतो आणि आतून फाडकन आवाज आला. तारा जिला बांधतात ती लाकडी घोडी लोखंडी तारांच्या ताणाने खालच्या लाकडाचा पापुद्रा घेऊन उखडली होती.

नाना संतापले. "कुणाचे हे उपद्व्याप?" त्यांचं बोलणं चालू असतानाच दादा होल्डॉल घेऊन दारात. त्याने गिटारीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मीच सांगितलं होतं तिला," म्हणाला. मागाहून मला एकटीला गाठून एवढंच बोलला, "अगं वेडे, मोठ्यांदाच वाजवायचं असतं तर मी हवाइन नसती का घेतली?"

बाबूंनी सरस लावून घोडी बसवून दिली, पण बजावलं की हिला आता फार ताण सोसायचा नाही. वाजवून झालं की तारा सैल करून ठेवायच्या. ते काम मी आपणहून घेतलं. सात वर्षं रोज संध्याकाळी तो वाजवायचा आणि मी सहा खुंट्या उतरवायची. गणपतीत तो पुन्हा कधी वाजवायला बसला नाही, आणि मी त्याला "चुकलं" म्हणून एकदाही तोंडाने म्हटलं नाही. तो कधी चिडलाच नाही, मग म्हणायचं राहूनच गेलं.

सहा आठवडे मी तारांना हात लावला नव्हता. उतरवू नकोस म्हणाला होता ना तो… उतरवल्या की तो येणार नाही, असं काहीतरी वेड्यासारखं मनात बसलं होतं. काल पेटी उघडली. घोडीची मागची कड उचलली गेली होती, पोस्टकार्ड सहज आत जाईल इतकी. आणखी आठ दिवस गेले असते तर ती पुन्हा उखडली असती, आणि तेही माझ्याच हातून.

"संध्याकाळी येतो म्हणाला होतास ना रे," मी म्हटलं. मोठ्यानेच म्हटलं, स्वयंपाकघरातून आईने ऐकलं असणार, पण ती आली नाही. मग गिटार खिडकीशी धरून पहिली तार छेडली. त्यानेच उजेडात बघून निवडलेली. मला दोन रेषा काही केल्या दिसेनात, सगळं धुरकटच दिसत होतं. तार खोटी नव्हती.

एकेक करून सहाही खुंट्या उतरवल्या. शेवटच्या खुंटीपाशी म्हटलं, "चुकलं रे, दादा."