मागच्या डाव्या चाकाचा आवाज

"दादा, मी काय खोटं बोलतोय का? खड्डा आला की मागून ठक होतं. डाव्या बाजूनं."

धाकटा भाऊ तिसऱ्यांदा तेच सांगत होता. थोरला गाडीच्या उघड्या डिकीत कंबरेपर्यंत वाकून तिसऱ्यांदा तेच उत्तर देत होता, की आपण मारलेला वेल्डिंगचा टाका आजवर कधी सुटलेला नाही.

"तुझ्या बायकोचे डबे असतील डिकीत, ते वाजत असतील."

"डिकी रिकामी आहे. तूच वाकलायस तिच्यात."

"मग डोकं वाजत असेल तुझं. तेही रिकामंच आहे."

एरवी यावर दोघंही हसले असते. चहाचे कप घेऊन दारात उभ्या असलेल्या थोरल्याच्या बायकोनं पाहिलं, आज कुणीच हसलं नाही.

वर्कशॉप घराला लागूनच होतं. लग्न होऊन आल्यापासून तिच्या धुतलेल्या कपड्यांनाही ग्रीसचा वास यायचा आणि त्याची तक्रार करणं तिनं केव्हाच सोडून दिलं होतं. तिच्या नवऱ्याला सगळे डॉक्टर म्हणत. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक तो चालू इंजिनावर टेकवायचा, मूठ कानाला लावायचा आणि डोळे मिटून ऐकायचा. कुठलं बेअरिंग गेलंय ते इंजिन न उघडता सांगायचा. वेल्डिंगही तो कानानंच करायचा. काळ्या काचेतून नुसता उजेड दिसतो, काम कळतं ते आवाजावरून, असं त्याचं म्हणणं. लोखंड नीट वितळून पत्र्यात उतरत असलं की गरम तव्यावर पाणी शिंपडल्यासारखा सलग चरचराट येतो. खाली गंज असला की तो अडखळतो. अडखळला की हात थांबवायचा आणि निरोगी पत्रा लागेपर्यंत कापत जायचं. या एका नेमावर त्याचं नाव झालं होतं. त्याच्याकडचं काम परत येत नाही, असं लोक म्हणत, आणि ते ऐकताना तिचीही मान ताठ व्हायची.

भावाची गाडी जुनी होती. मागच्या डाव्या शॉकॲब्झॉर्बरचं वरचं टोक जिथं बॉडीला बोल्टानं आवळलेलं असतं, तिथला पत्रा गंजून फाटला होता. काही दिवसांपूर्वीच डॉक्टरनं कुजका भाग कापला, जाड पत्र्याचा तुकडा बेतून बसवला, वेल्डिंग केलं, नवे रबरी बुश घातले आणि वरून काळा रंग मारला. काम दिसायला देखणं होतं.

पण वर्षभरात त्याचा कान गेला होता; जवळून मोठ्यानं बोललेलं तेवढं कळायचं. तो कुणाला सांगत नव्हता आणि ती कुणाला कळू देत नव्हती. गिऱ्हाईक आलं की काहीतरी निमित्त काढून ती वर्कशॉपात जायची, आणि नवऱ्याकडे तोंड करून, "म्हणजे ब्रेक दाबला की थरथरते, असंच ना?" असं मोठ्यानं विचारून घ्यायची. फोन तीच उचलायची. झाकली मूठ सव्वा लाखाची. लेकीनं एकदा कानाच्या मशीनचा विषय काढला, तर तो म्हणाला, "म्हातारा झालो की बघू." त्यानंतर कितीतरी दिवस तो पोरीशी धड बोलला नाही.

शेवटी धाकटा वैतागून म्हणाला, बसा गाडीत आणि आपापल्या कानांनी ऐका. डॉक्टर पुढं बसला. ती मागं, डाव्या बाजूला. पहिल्याच खड्ड्याला तिच्या पाठीमागं ठक झालं, बंद दारावर आतून कुणी मूठ आपटावी तसं. पुढच्या खड्ड्याला पुन्हा. डॉक्टर मान तिरकी करून, डोळे मिटून ऐकत होता, अगदी पूर्वीसारखा.

"कुठाय?" तो म्हणाला.

"अरे, आत्ताच झालं, दादा."

डॉक्टर मागं वळला. "तू तर नेमकी त्याच्यावरच बसलीयेस. आला का आवाज?"

समोरच्या आरशातून दीर तिच्याकडे बघत होता. नवऱ्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. निकाल विचारायला आलेल्या पोराचा असावा तसा तो चेहरा होता. हो म्हटलं की त्याचं सगळं जाणार, आणि तेही धाकट्या भावासमोर.

"मला तर नाही आला," ती म्हणाली.

दिरानं आरशावरून नजर काढली आणि गाडी घराकडे वळवली. ती या घरात आली तेव्हा तो शाळेत जात होता. त्याच्या डब्यापासून दुखण्याखुपण्यापर्यंत सगळं तिनंच पाहिलं होतं. वहिनी नाही म्हणाली म्हणजे नाही. त्या दोघांना दारात सोडून तो गाडी घेऊन गेला.

टाका त्याच आठवड्यात सुटला. उतारावरच्या वळणावर शॉकॲब्झॉर्बर तुकड्यासकट निखळला, मागचं चाक उड्या मारायला लागलं आणि गाडी आडवी होऊन कठड्यावर गेली. दिराचं खरचटण्यावर निभावलं. शेजारी बसलेल्या जावेचा उजवा हात कोपरात मोडला. जाऊ शिवणकाम करायची. हात पूर्वीसारखा वळेल याची खात्री नाही, असं दवाखान्यात सांगितलं.

धाकट्यानं गाडी ओढून आणून वर्कशॉपसमोर सोडली आणि किल्ली बाकड्यावर ठेवली. भांडला असता तर बरं वाटलं असतं. पण तो घरात आला नाही, पाणीसुद्धा मागितलं नाही. ती जेवणाचा डबा घेऊन त्यांच्याकडे गेली, तर जावेनं डाव्या हातानं दार उघडलं, डबा ठेवून घेतला आणि बस म्हणाली नाही.

ती परत आली तेव्हा डॉक्टर गाडीखाली होता. बॅटरीचा उजेड धरायला त्यानं तिला हाक मारली. निखळलेला तुकडा त्यानं उजेडात धरला. वरून टाके एकसारखे, मशीनवर शिवल्यासारखे. मग त्यानं तो उलटा केला. मागची बाजू जवळजवळ कोरी होती. लोखंड पत्र्यात उतरलंच नव्हतं. ओल्या भिंतीवर रंग बसावा तसं ते गंजावर नुसतं बसलं होतं. त्यानं कडेवरून अंगठा फिरवला आणि गंजाचा पापुद्रा हातात आला.

"त्या दिवशी आवाज येत होता," तो म्हणाला. हे विचारणं नव्हतं.

"येत होता."

"मोठा?"

"मोठा."

तुमच्यासाठीच 'नाही' म्हणाले, असं तिच्या ओठांवर आलं होतं. पण ते पुरतं खरं आहे का, हे तिचं तिलाच सांगता येईना. ज्याचं काम परत येत नाही त्याची बायको म्हणून मिरवायला तिलाही आवडत होतंच की. तिला वाटलं, तो आता पाना फेकेल, अद्वातद्वा बोलेल. तो तसाच पाठीवर पडून वरच्या भोकाकडे बघत राहिला. बॅटरी धरून तिचा हात अवघडला, तरी तिनं तो खाली घेतला नाही.

जेवायला बसल्यावर लेकीनं हळूच विचारलं, कानांच्या दवाखान्यात नंबर लावू का. तो तिच्या ओठांकडे बघत होता. घास संपवून त्यानं ताट थोडं पुढं सरकवलं.

"नंबर लाव," तो म्हणाला. "पण उद्यापासून वेल्डिंग बंद. इंजिनही घ्यायचं नाही. मी फक्त पंक्चर काढणार. ट्यूब पाण्यात धरली की भोक डोळ्यांना दिसतं." मग तो बायकोकडे वळला. "आणि तू आता वर्कशॉपात यायचं नाहीस. मला ऐकू येत नाही, हे गिऱ्हाइकाला माझं मी सांगेन."