लेकीच्या बँडची नवी गाणी

लेकीच्या नव्या अल्बमबद्दल मी फोनवर नको ते बोलून बसलो. ती नांदेडला एका रॉक बँडमध्ये ड्रम वाजवते. आधीच्या अल्बममध्ये नुसता गिटारचा दणका होता. मला त्यातलं ओ की ठो कळत नसे, पण लातूरभर मी जाणकारासारखा मिरवायचो. या वेळी त्यांनी नाचायची गाणी केली. "बाबा, कसं वाटलं?" तिनं विचारलं. मी म्हणालो, "हे तर वरातीत वाजवायचं गं!" ती नुसतं "बरं" म्हणाली आणि फोन ठेवला. त्या "बरं"वरूनच कळलं, तिला लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायको तीच गाणी लावून भाकरी थापत होती. मी तोंड पाडून चहाला आत गेलो. ठेका आधी पायांनी धरला, मग कमरेनं. खांद्यावरचा टॉवेल डोक्यावर कधी गरगरायला लागला, कळलंच नाही. बायकोनं पिठाच्या हातानं व्हिडिओ काढून लेकीला पाठवला. लगेच तिचा फोन आला. हसू आवरत नव्हतं. "बाबा, लई भारी!"

नंतर बायको म्हणाली, "आपल्या वरातीत मित्रांनी घोड्यावरून ओढून उतरवलं, तरी हललात का तुम्ही? शेवटी लेकीनंच नाचवलं."