तांबेमास्तर आणि 'खलाशी'चा पहिला कार्यक्रम

गंधार ठाकूरदेसाई गेला त्या दिवशी रत्नागिरीतल्या निदान दोन हजार माणसांनी मोबाइलवर एकच वाक्य लिहिलं, 'मी त्याच्या पहिल्या कार्यक्रमाला होतो.' मांडवीच्या ज्या पटांगणात तो कार्यक्रम झाला तिथे मांडीला मांडी लावून बसवली तरी चारशेच्या वर माणसं मावत नाहीत. पण अशा वेळी पटांगण कोण मोजत बसतंय?

या सगळ्यांत पहिला मान सहदेव तांबे यांचा. एसटीत बत्तीस वर्षं कंडक्टर. एसटीत कंडक्टरला मास्तर म्हणायची रीत आहे, त्यामुळे निवृत्त झाल्यावरही ते तांबेमास्तरच राहिले. रॉक संगीत म्हटल्यावर डोळ्यांसमोर येतो तसा हा माणूस अजिबात नाही. तेल लावून चापून बसवलेले केस, खिशाला पेन आणि दर पौर्णिमेला न चुकता बुद्धविहारात हजेरी. पण 'खलाशी' या बँडचा आणि त्याच्या गंधारचा यांच्याइतका वेडा चाहता जिल्ह्यात दुसरा सापडला नसता.

गंधार गिटार वाजवायचा आणि खाडीवर, आंब्याच्या पेट्यांवर, दहावीला नापास झालेल्यांवर स्वतः रचलेली गाणी बेंबीच्या देठापासून गायचा. लांब केस, गुडघ्यावर फाटलेली पँट. गुहागरला समुद्रावर कार्यक्रम झाला तेव्हा सगुणाआजी नावाच्या एका म्हातारीने त्याला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "काढून दे रे बाबा, दोन टाके घालून देतंय." मास्तर तिथे होते. राजापूरला स्टेज एका बाजूने खचलं आणि ढोलवाला वाजवता वाजवता हळूहळू दिसेनासा झाला, तेव्हाही होते. ड्युट्या बदलून, साहेबाच्या शिव्या खाऊन, कधी खाकी कपड्यांतच जाऊन त्यांनी पुढे एकही कार्यक्रम सोडला नव्हता. त्यांना पहिल्या रांगेत बघितलं की शेवटच्या गाण्याआधी गंधार ओरडायचा, "मास्तर, डबल द्या!" की मास्तर गाडी सोडताना देतात तशी तोंडानेच दोनदा घंटी द्यायचे, आणि मगच गिटार सुरू व्हायची.

पण मास्तरांचं खरं भांडवल म्हणजे पहिला कार्यक्रम. शहाण्णव सालचा डिसेंबर. दुसऱ्याच गाण्याला वीज गेली. गिटार मुकी झाली, माइक मेला. लोक उठायला लागले तसा गंधार स्टेजवरून खाली उडी मारून आला, एका बाकावर उभा राहिला आणि नुसत्या गळ्याने गायला लागला. पोरांनी बाकं बडवून ठेका धरला. पाऊण तासाने दिवे आले, तर गंधार म्हणाला, "बंद करा रे, आता कशाला!" हे सगळं मास्तर असं सांगायचे की ऐकणाऱ्याच्या हाताला बाक बडवल्यासारख्या मुंग्या यायच्या.

आणि मास्तर त्या कार्यक्रमाला नव्हते.

त्या संध्याकाळी ते मंडणगड तालुक्यातल्या एका खेड्यात मुक्कामी गाडी घेऊन गेले होते. मुक्कामी गाडी म्हणजे संध्याकाळी गावात जाऊन सकाळी तिथूनच परत निघणारी. ड्रायव्हर-कंडक्टर शाळेच्या पडवीत पथारी पसरतात. त्यामुळे मास्तरांनी ऐकलं ते फक्त ड्रायव्हरचं घोरणं. दोन दिवसांनी ते राजापूर गाडीवर होते आणि कार्यक्रमाला आलेली सात-आठ कॉलेजची पोरं परत निघाली होती. मास्तर तिकिटं फाडता फाडता एकेकाला विचारत गेले. गाडी हातखंब्याला आली तेव्हा गोष्टीत वीज गेली, पालीला गंधार बाकावर चढला, लांज्याला सगळं पटांगण बाकं बडवायला लागलं, आणि राजापूर येईस्तोवर दिवे आले. परतीच्या फेरीत मास्तरांनी तेच प्रवाशांना सांगितलं. सांगणं इतकं रंगलं की एका आजोबांनी विचारलं, "तुम्ही होतात का हो तिथे?" आणि मास्तरांच्या तोंडून निघून गेलं, "होतो तर!"

त्याला आता एकोणतीस वर्षं झाली.

गंधार बावन्नाव्या वर्षी झोपेतच गेला. चाहत्यांच्या मंडळाचा राजेंद्र, ज्याचं मारुती मंदिराजवळ झेरॉक्सचं दुकान आहे, तो घरी निरोप घेऊन आला. रविवारी सकाळी शोकसभा आहे, आणि गंधारची बायको ऋजुता हिने मुद्दाम सांगितलंय की पहिल्या कार्यक्रमाबद्दल तांबेमास्तरांनीच बोलावं.

राजेंद्र गेला आणि मास्तर घरातल्या घरात येरझारा घालायला लागले. गप्पांत मारलेली थाप वेगळी. आता गेलेल्या माणसाच्या फोटोपुढे, त्याच्या बायकोदेखत तीच थाप मारायची? आणि खरं बोलावं, तर सगळ्या गावात ज्या गोष्टीवर मान मिळाला तीच खोटी निघणार. 'खलाशी'वाल्यांत परत तोंड दाखवायला जागा उरणार नाही.

"सांगून टाका खरं," हौसाबाई, त्यांची बायको, तव्यावर कोलीम, म्हणजे बारीक सुकी कोळंबी, भाजता भाजता म्हणाली. "दर पुनवेला विहारात 'मुसावादा वेरमणी' म्हणताना तुमचाच आवाज सगळ्यांपेक्षा मोठा आसतो. खोटं बोलणार नाय, खोटं बोलणार नाय."

"अगं, ता खोटं नाय. ऐकीव हाय."

"ऐकीव हाय तर 'मी दुसऱ्या रांगेत हुतो' ह्ये कोनी सांगितलं तुमाला?"

मास्तरांनी ताट पुढे ओढलं.

रविवारी हॉल खच्चून भरला. ऐन तारुण्यात घेतलेले काळे टी-शर्ट आता पोटावर बसत नव्हते, तरी मंडळी ते घालून आली होती. कुणीतरी राजापूरच्या ढोलवाल्याची आठवण काढली आणि शोकसभेत हशा पिकला. मग राजेंद्र म्हणाला, "आता ज्यांनी पहिला कार्यक्रम डोळ्यांनी पाहिला, ते आपले तांबेमास्तर."

मास्तर माइकपुढे उभे राहिले. समोर ऋजुता, बाजूला हार घातलेला गंधारचा हसरा फोटो. वाक्य जिभेवर तयार होतं. एकोणतीस वर्षं घोटलेलं.

"मी नव्हतो," मास्तर म्हणाले.

लोकांना वाटलं मास्तरांना गहिवरून आलं. "पाणी द्या, पाणी द्या," म्हणून दोघे-तिघे धावले.

"पाणी नको हो. मी नव्हतोच त्या कार्यक्रमाला! मंडणगडला मुक्कामी गाडीवर होतो. राजापूरच्या पोरांकडून ऐकलं आणि तुम्हाला सांगत आलो. मला माफ करा."

मास्तरांना वाटलं, आता इथून सरळ दाराकडे चालत जावं आणि परत या माणसांत येऊ नये. तेवढ्यात राजेंद्र चाचरत म्हणाला, "मास्तर... मी पण नव्हतो. वडिलांनी खोलीला कडी घातली होती." मागून कुणीतरी ओरडलं, "मी तेव्हा तिसरीत होतो!" हसू फुटलं. राजेंद्रने मग विचारलंच, खरोखर होतं कोण? दोनच हात वर झाले. त्यातला एक वायरमनचा. तो सगळा वेळ डीपीजवळ फ्यूज बांधत होता, त्यामुळे त्यानेही काही पाहिलं नव्हतं.

ऋजुता उठून माइकजवळ आली. ती रडत होती आणि हसतही होती.

"मास्तर, गंधारला ठाऊक होतं. तो म्हणायचा, त्या दिवशी वीज जाईपर्यंत समोर एकोणचाळीस माणसं होती आणि एकेकाचा चेहरा मला पाठ आहे. त्यात मास्तर नव्हते."

मास्तर ऋजुताकडे वळले. "मग मला कधी बोलला कसा नाही, वहिनी?"

"कसा बोलेल? वीज गेल्यावर त्याची घाबरगुंडी उडाली होती. पुढचं त्याला काही म्हणजे काही आठवत नव्हतं. आपण पार फजिती करून घेतली असंच तो धरून बसला होता, गिटार माळ्यावर टाकून दिली होती. मग एकदा तुमच्या गाडीत मागच्या सीटवर बसून त्याने तुमच्या तोंडून सगळं ऐकलं, आणि त्याला कळलं, आपण त्या दिवशी चांगलं गायलो. घरी येऊन त्याने गिटार माळ्यावरून खाली काढली. मला बजावून ठेवलं होतं, मास्तरांना काही कळू देऊ नकोस, नाहीतर सांगायचे थांबतील."

मास्तर सगळ्यांसमोर लहान पोरासारखे रडले. त्यांना लाज वाटत होती आणि आनंदही झाला होता, आणि दोन्ही लपवायचं त्यांना सुचलं नाही.

"सांगा ना," ऋजुता म्हणाली.

"आता? कुठून सांगू?"

"वीज गेली तिथून."

मास्तरांनी शर्टाच्या बाहीने डोळे पुसले, घसा साफ केला. "मी तिथे नव्हतो," ते म्हणाले, "पण ऐका." आणि आपण तिथे नव्हतो हे नुकतंच कबूल केलेली सगळी माणसं खुर्च्या पुढे ओढून बसली.