एल मापाची फ्रेम

माझ्या चुलत भावाच्या सायकलवर, सीटच्या खालच्या नळीला, बोटाच्या पेराएवढं 'एल' असं अक्षर होतं. दीड वर्ष ते अक्षर माझ्या डोळ्यांत खुपत होतं. हेवा वाटला तरी माणसानं तो बोलून दाखवू नये म्हणतात. मी आता दाखवतोय, कारण त्या हेव्यापायी मी जी काही अक्कल पाजळली ती लपवण्यासारखी राहिलेली नाही. अख्ख्या पाड्यानं ती बघितली आहे.

आमची दोघांची घरं मोखाड्याजवळच्या पाड्यावर, एकाच अंगणात. तो माझ्याहून वर्षानं मोठा, म्हणून मी त्याला दादा म्हणतो. तो जव्हारला सरकारी कचेरीत कारकून, मी खोडाळ्याच्या बाजूला एका शाळेवर शिक्षक. त्याची उंची पाच फूट अकरा इंच. मी छत्तिशीला आलो तरी घरात सगळ्यांसाठी 'बारका'च. पाड्याच्या वर डोंगर आहे. डोक्यावर सपाट माळ, मग नागलीचा उतार, मग दगडांची घळ, आणि तळाशी भाताची खाचरं. तीन वर्षांपूर्वी नाशिकची काही मंडळी जाड टायरच्या सायकली जीपवर लादून त्या माळावर आली आणि तिथून धडधडत खाली सुटली. पाड्यातली माणसं हातातली कामं टाकून बघत उभी राहिली. दादानं त्यांच्यातल्या एकाची सायकल मागून घेतली. दोनदा आपटला, तिसऱ्या वेळी तळापर्यंत पोचला. सहा महिन्यांत त्याची स्वतःची सायकल अंगणात उभी होती.

यात मला काय खुपायचं? खुपायचं हे, की तो डोंगर माझा होता. दादा लहानपणी आश्रमशाळेत राहिला, मी घरी राहून गुरं राखली. कुठला दगड पायाखाली हलतो, पावसाळा संपल्यावर कुठली माती महिनाभर ओली राहते, घळीत शिरताना डावीकडे का राहायचं, हे मला ठाऊक होतं. आणि हे सगळं मीच त्याला हौसेनं हिंडून दाखवलं. मग मी दाखवलेल्या वाटेनं तो सुटायला लागला आणि लोकांनी ती वाट त्याची करून टाकली. खोडाळ्याच्या बाजारात सुकी मासळी विकणारी बाई मला ओळखायची ती अशी, ''तुमी त्या सायकलवाल्याचं भाऊ ना?'' वर्गात पोरं विचारायची, ''गुरुजी, तुमाला नाय येत का तसं?'' मी फळा पुसायला वळायचो.

दर वर्षी दिवाळी झाली, जमीन घट्ट झाली, की नाशिकची मंडळी पुन्हा येतात. पहिल्या उताराला डोंगराचा माहीतगार एक जण पुढे सुटतो आणि बाकीचे त्याच्या मागोमाग. पुढे असायचा तो दादा. मला ती जागा हवी होती. एकदा मी पुढे आणि तो माझ्या मागे, माझी धूळ खात. एवढंच मागणं होतं, आणि त्यासाठी मी सायकल घ्यायची ठरवली.

नाशिकच्या दुकानात गेलो तर दुकानदारानं पहिल्यांदा उंची विचारली. ''असेल पाच फूट सहा,'' मी म्हणालो. त्यानं माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं.

''सर, तुम्हाला एस लागेल. अगदीच ताणलं तर एम.''

एस म्हणजे स्मॉल. इतक्या लांब एसटीनं जाऊन मी 'बारका' हेच ऐकून घ्यायचं होतं तर.

माणूस भला होता. त्यानं समजावून सांगितलं. डाउनहिलच्या सायकलवर कोणी बसत नाही, उतारभर पेडलवर उभं राहायचं असतं. म्हणून पाय जमिनीला टेकतात की नाही यावर माप ठरत नाही. उभं राहिल्यावर हँडल तुमच्यापासून किती लांब पडतं, ते बघायचं. लांब पडलं तर हात ताणले जातात, अंगाचा भार मागेच राहतो, पुढचं चाक हलकं होतं आणि वळणावर सायकल वळत नाही. मी प्रशिक्षणाला बसल्यासारखी मान हलवली आणि सगळं ऐकून झाल्यावर म्हणालो, ''एल द्या.''

हा माझा एकट्याचा मूर्खपणा नव्हे, त्याला घराण्याचा आधार आहे. बोहाड्यात, म्हणजे आमच्याकडच्या मुखवटे नाचवायच्या उत्सवात, आमच्या घराण्याकडे एका सोंगाचा मान आहे. लाकडी मुखवटा एकच, तो एक वर्ष काकांच्या घरानं नाचवायचा, एक वर्ष आमच्या. मुखवटा कोरला होता आजोबांच्या डोक्यावरून, आणि आजोबांचं डोकं म्हणजे रांजण. काकांना तो चपखल बसायचा. माझे वडील अंगानं माझ्यासारखेच. ते डोक्याला धोतराचे तीन फेरे गुंडाळायचे, कानांपाशी फडकी कोंबायचे, वरून दोरी आवळायचे आणि मग असे नाचायचे की सांबळ वाजवणारा दमायचा. मापात कमी पडलो म्हणून आमच्या घरात कोणी मुखवटा खाली ठेवला नाही. फ्रेम मोठी तर मोठी, सीट खाली करू, हँडल मागे ओढू, काहीतरी कोंबू. दुकानदाराला मी हे सांगितलं नाही. तो म्हणाला, ''सर, पुन्हा एकदा विचार करा.'' माझा विचार झालेला होता.

पैसे नुसत्या फ्रेमपुरतेच होते, म्हणून पुढचे पाच महिने मी सुटे भाग जमवत होतो. दादाची सायकल अंगणात उभी असायची. तो चहाला आत गेला की मी तिच्यापाशी उकिडवा बसायचो. मागच्या शॉकच्या स्प्रिंगवर ताठपणाचा साडेचारशेचा आकडा होता, मी साडेचारशेचीच मागवली. टायर त्याच कंपनीचे, त्याच रुंदीचे. ब्रेकचा दांडा त्याच्या बोटाला जिथे येतो, तिथपर्यंतचं अंतर मी शाळेतल्या पट्टीनं मोजून घेतलं. हँडल त्याचं न कापलेलं, ऐंशी सेंटिमीटर, म्हणून माझंही न कापलेलं. मोबाइलवर सायकलचे भाग मागवताना उंची आणि वजन भरायला सांगतात. तिथे मी पाच अकरा आणि अठ्ठ्याहत्तर किलो भरत गेलो. माझं वजन छप्पन्न. ते भरलं असतं तर पडद्यावर दुसरीच स्प्रिंग, पुढच्या चाकाचा दुसराच चिमटा, सगळा बारका संसार दिसला असता. बायको म्हणाली, ''भाऊजींना शिंक आली की रुमाल तुम्ही काढता.'' मी तिच्याशी दोन दिवस धड बोललो नाही.

सायकल उभी राहिली तेव्हा दादानंच पहिल्यांदा तिच्यावरून हात फिरवला. ''झकास जमवलीस रे,'' म्हणाला. त्याच्या आवाजात काहीही वाकडं नव्हतं. त्यानं थोडं तरी जळायला हवं होतं. तो जळला नाही, याचाही मला राग आला.

मग मी उतारावर गेलो. नागलीच्या पट्ट्यापर्यंत बरं चाललं. पुढे वळण आलं आणि सायकल वळलीच नाही, मला घेऊन सरळ करवंदीच्या जाळीत शिरली. हात हँडलला असे ताणलेले, जणू मी कोणाच्या तरी पाया पडायला वाकलोय. स्प्रिंग माझ्या वजनाखाली दबेना. दगडावरून चाक गेलं की सायकल मला ढुंगणाखालून फेकायची. मी सीट तळाला नेली. हँडल मागे फिरवलं. त्याच्या मुठींना कापडी पट्ट्या गुंडाळल्या. वडिलांचे तीन फेरे इथे कामी आले नाहीत. काटे काढत घरी यायचो आणि विचारलं की सांगायचो, ब्रेक नीट लागत नाहीत. ब्रेक उत्तम होते. त्या सायकलीत वाईट काही नव्हतंच.

त्या वर्षी मंडळी यायच्या आदल्या दिवशी घळीत दादाच्या फ्रेमला मागच्या जोडापाशी तडा गेला. अशी सायकल उतारावर नेता येत नाही. तो तिला खांद्यावर घेऊन अंगणात आला, तेव्हा मी 'अरेरे' म्हणालो आणि आत जाऊन भाकरीचा तुकडा तोंडात कोंबला, हसू दिसू नये म्हणून. मला आनंद झाला होता. भावाची मोडलेली वस्तू बघून आनंद झाला, हे लिहायला हात जड होतो, पण झाला होता.

सकाळी माळावर सात-आठ जण जमले. दादानं स्वतःच सांगितलं, ''आज हा पुढं जाईल. डोंगर मला यानंच दाखवलाय.'' इतक्या जणांसमोर तो हे म्हणाला. मी हेल्मेट चढवलं. आधी एकट्यानं एकदा जाऊन वाट बघून यावी असं ठरलं, तसा मी निघालो. करवंदीच्या वळणावर चाक सरळ जातंय हे कळलं आणि मी पाय टेकले. पुढच्या वळणावरही टेकले. घळीच्या तोंडाशी सायकलवरून उतरलो आणि ती हातात धरून उभा राहिलो. वरच्यांना सगळं दिसत होतं. मी ढकलत परत वर आलो.

दादा म्हणाला, ''ब्रेकचं म्हणत होतास ना? दे, बघतो.''

त्यानं काही बदललं नाही. तळाला गेलेली सीटसुद्धा तशीच ठेवली, उभ्यानं जायचं तर सीट कशाला लागते. मागे फिरवलेलं हँडल तेवढं जागेवर आणलं आणि सुटला. करवंदीचं वळण त्यानं असं घेतलं की धूळ उडाली तेव्हाच ते वळण होतं हे समजावं. घळीत डावीकडे राहिला, मी दाखवलं होतं तसं. मी त्याला शंभर वेळा उतरताना बघितलंय, इतका सफाईनं उतरताना कधी नाही. खाली खाचरात तो थांबला आणि वरचे सगळे शिट्ट्या वाजवायला लागले.

जीपमधून तो वर आला. ''काय नाय झालंय हिला. ब्रेक एका बोटात लागतात. माझ्या सायकलीपेक्षा मला बरी बसते ही.'' आणि हँडल माझ्यापुढे धरलं. ''घे.''

मंडळींतला एक जण खाली बसून स्प्रिंगवरचा आकडा वाचत होता. ''कोणी जमवली ही? एकेक भाग मापात आहे यांच्या.''

''यानंच,'' दादा म्हणाला.

मी हँडल धरलं नाही. पाच महिने खपून, पोटाला चिमटा काढून मी त्याला सायकल करून दिली होती. तो कसा उभा राहतो, त्याचं बोट कुठवर पोचतं, भार कुठल्या पायावर टाकतो, मला सगळं पाठ होतं. ''तूच जा पुढं,'' मी म्हणालो. ते प्रेमानं नव्हे. मी जळत होतो, आणि आता जळायला सायकलही माझीच होती.

स्प्रिंग बघणारा माणूस उठला. त्यांच्या जीपवर एक जादा सायकल होती, मला तिच्यावरून मागोमाग येता येईल, म्हणाला. ती माझ्या बेताची लावून द्यायची तर माप हवं. ''तुमची उंची किती?''

''पाच अकरा,'' मी म्हणालो.

तो माझ्याहून वीतभर उंच होता आणि खाली वाकून माझ्याशी बोलत होता. तो हसला नाही. दादाही हसला नाही, दुसरीकडे बघायला लागला. ''नाही, तुमची,'' तो माणूस पुन्हा म्हणाला, हळू आवाजात.

मी बूट काढले. गार मातीवर टाचा जुळवून उभा राहिलो आणि त्याला म्हणालो, ''मोजा.''