एकमताने काढलेला माणूस

‘आपल्यात गट नकोत’ असं कुणी म्हटलं की केळूसकर हातातला चमचा खाली ठेवायचा. ‘म्हणजे सगळ्यांनी तुमच्या गटात यायचं, एवढंच ना?’

साठच्या दशकात जर्मनीत कोलोनला आम्ही एकाच वसतिगृहात होतो. मी रसायनशास्त्रात, तो इतिहासात. अमेरिकेतले पहिले राजकीय पक्ष कसे जन्मले, हा त्याचा पीएच.डी.चा विषय. आमटी ढवळत तो सांगायचा, ‘पहिला राष्ट्राध्यक्ष म्हणायचा, पक्ष म्हणजे रोग. आणि त्याचेच अर्थमंत्री नि परराष्ट्रमंत्री एकमेकांचे गळे धरून! एकाला राष्ट्रीय बँक हवी, दुसऱ्याला नको. सत्तेतले स्वतःला देश म्हणवणार, विरोधकांना गट. गेनाऊ, अगदी आपल्या सरदेसाईंसारखं!’

सरदेसाई आमच्या तिथल्या मराठी मंडळाचे अध्यक्ष. वयानं मोठे, नोकरीत स्थिरावलेले, विद्यापीठात ओळखी. ‘कुणाची हरकत नाही ना?’ असं ते हसून विचारायचे आणि ठराव ‘एकमताने’ मंजूर व्हायचा. परक्या देशात शोभा नको, म्हणून आम्ही गप्प.

गणपतीच्या सभेत केळूसकर उभा राहिला. ‘अध्यक्षपदासाठी मतदान घ्या. मी उभा आहे.’

‘अहो केळूसकर, घरात कसली निवडणूक?’

‘घरात अध्यक्षही नसतो, सरदेसाई.’

लोक हसले. ते हसू सरदेसाईंना झोंबलं. पुढच्याच सभेत, फूट पाडतो म्हणून त्याला मंडळातून काढायचा ठराव आला. सगळे हात वर. माझाही.

मग सरदेसाई त्याच्या प्राध्यापकांना भेटले. ‘सांगितलं, हा अभ्यास सोडून राजकारण करतो. त्याच्या माणसांनीच त्याला एकमतानं काढलंय,’ हे त्यांनी मला कॉफी पिताना ऐटीत ऐकवलं. शिष्यवृत्तीची मुदत वाढली नाही. प्रबंध अर्धाच राहिला.

स्टेशनवर मी त्याची पेटी उचलायला वाकलो. ‘राहू दे,’ तो म्हणाला, ‘तुझा हात दुखत असेल.’

तो मालवणला शाळेत शिकवत राहिला. गेल्या वर्षी गेला. आता मंडळाच्या स्मरणिकेसाठी निरोप आलाय: ‘कैलासवासी सरदेसाईंवर चार गोड शब्द लिहा.’ मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. केळूसकर जिवंत होता तेव्हा त्याच्याबद्दल हवं ते बोलून झालं होतं. म्हणून सरदेसाईंवरच्या चार शब्दांऐवजी केळूसकरवरचा हा लेख पाठवतोय.

छापायचा की नाही, ते मंडळाच्या सभेनं ठरवावं. फक्त या वेळी ‘कुणाची हरकत नाही ना?’ असं विचारू नका, हात मोजा. एकमत होणार नाही. एक हात वेगळा पडेल, तो माझा.