तसबिरीच्या पाठीमागचा अण्णा

अण्णा गेल्याची बातमी मला दोनदा मिळाली. पहिली त्याच्या बायकोने, वहिनींनी, फोनवर दिली. ती खरी होती आणि एका वाक्यात संपली. दुसरी दहाव्यानंतर मोबाईलवर आली. ‘कावळा तासन्‌तास शिवेना, पिंडापुढे वर्तमानपत्र पसरताच झेप! रत्नागिरीच्या वाचनवेड्या फ्रेमवाल्याचा अजब निरोप.’ खाली हात जोडलेले इतके, की मोजायला तलाठी बसवावा लागला असता. कुजक्या बांगड्यावर अनवाणी पाय पडावा तशी शिसारी आली मला... कारण दहाव्याला खाडीवर मी उभा होतो. भटजी मागे सरकायच्या आत कावळा पिंडावर होता.

आता माझी ख्याती सांगायला हवी. मी पकडलेला भाट्याच्या खाडीतला खेकडा रिक्षात मावत नाही, आणि आमच्या फणसाच्या एका गऱ्यावर अख्खी वरात जेवते. अशा मला सगळ्या रत्नागिरीत ब्रेक एकच, माझा दोस्त अण्णा. मिरजोळ्याच्या रस्त्याला त्याचं फोटो मढवायचं दुकान. बातम्यांतल्या, जुन्या इतिहासाच्या पुस्तकांतल्या चमत्कारिक गोष्टी तो जमवायचा, आणि तसबीर मढवताना मागच्या पुठ्ठ्यावर खळीने एकेक डकवून द्यायचा. गिऱ्हाइकाला पत्ता नाही! देवरूखच्या एका करारी सासऱ्यांच्या पाठीला आहे, ‘प्राचीन इजिप्तमध्ये घरचं मांजर मेलं की माणसं भुवया भादरत.’ सोवळ्याओवळ्यात हयात गेलेल्या एका काकूंच्या पाठीला आहे, ‘रोमन धोबी कपडे मुतात धूत.’ सून रोज हार घालते, काकू निमूट आहेत.

पण डकवायचं ते खरंच असलं पाहिजे, हा त्याचा सोवळ्याहून कडक नेम. मी काहीही नेलं की पहिला प्रश्न, “मेल्या, कुठे वाचलंस?” एकदा मी मोबाईलवर फिरणारी बातमी नेली : समुद्रतळाशी म्हणे पुराणकाळातला दूरध्वनी सापडला. अण्णाने वाचली आणि नाकाला रुमाल लावला, खरोखरच लावला. म्हणाला, “अरे, माणसं मुतात कपडे धूत होती, तेवढ्याने तुझं भागत नाही? खऱ्याला एवढा वास असताना वर खोटं कशाला पादतोस?”

आणि आता त्यालाच कुणीतरी खोट्यात मढवून गावभर टांगला होता. थाप मारायलाही इमान लागतं हो. ऐकणारा ‘चल, काहीतरीच!’ म्हणून हसतो, तिथे आमचा व्यवहार चुकता होतो. हे म्हणजे मढ्याच्या टाळूवरचं लोणी, तेही खवट! त्यात किळसवाणी गोष्ट अशी, की सगळ्या गावाने कर्ता मलाच धरला.

वहिनींकडे गेलो तर चहाचं नाव नाही. “भावोजी, ते कावळ्याचं तुमचंच ना?”

“वहिनी, माझं असतं तर कावळ्याला चष्मा असता!”

त्या हसल्या नाहीत. “त्यांनी जन्मात एक खोटं डकवलं नाही. उद्या नातवंडं हेच खरं धरतील...”

भिंतीवर अण्णाचा फोटो होता, मुलाने मुंबईहून मढवून आणलेला. न विचारता उतरवला, उलटा केला. पाठ कोरी, गुळगुळीत. दुसऱ्यांच्या पाठी जन्मभर भरणाऱ्याची पाठ कोरी!

“वहिनी, मैदा आहे ना? थोडी खळ करा.”

कागद घेतला आणि लिहिलं : ‘अण्णाला पहिल्या झटक्यात पाच कावळे शिवले.’ वहिनी खळीची वाटी धरून शेजारी उभ्या. मी पाचाचे दोन केले. त्या हलल्या नाहीत.

“किती होते, भावोजी?”

“...एक.”

दोन खोडून एक केला. वाक्य अगदीच किडकिडीत दिसायला लागलं. खळ लावता लावता कानाशी अण्णाचा नेहमीचा प्रश्न आला, म्हणून खाली आणखी एक ओळ लिहिली : ‘वाचलं नाही. पाहिलं.’

डकवलं, तसबीर सरळ करून टांगली. वहिनी चहा टाकायला उठल्या.