मास्तरांचा पंखा

एक बोट वर करायचं, डोळे मिटायचे आणि म्हणायचं, "पंखा बंद." आमचे मास्तर कीबोर्डवर बसले की सुरुवात अशी व्हायची.

भिवंडीत माझी रेकॉर्डिंगची खोली आहे. हळदीची गाणी करून देतो. भिंतीपलीकडे लूमचा कारखाना, त्यामुळे माइक लावला की गायकाच्या आधी लूमच गाणार. म्हणून मी कीबोर्ड वायरने लॅपटॉपला जोडतो आणि मिडीवर घेतो. मिडीत आवाज शिरतच नाही. कुठली पट्टी कधी दाबली आणि किती जोरात, एवढंच सॉफ्टवेअर टिपून ठेवतं. शेजारी भिंत कोसळली तरी गाण्याला ओरखडा नाही.

हे मी मास्तरांना जीव तोडून समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकलं.

"बरा हाय," ते म्हणाले. "पन पंखा बंद कर."

पंखा थांबला की स्वारी कारखान्यात. तिथेच त्यांनी उभा जन्म लूम दुरुस्त केले होते, त्यामुळे मुकादमाला त्यांचा शब्द मोडवत नसे. "मास्टर का रेकॉर्डिंग है! लूम बंद!" तो ओरडायचा. खडखडाट थांबायचा, कामगार श्वास रोखून उभे राहायचे आणि मी खोलीत घामाने निथळायचो. ज्या शांततेसाठी हा खटाटोप, ती टिपायची सोयच माझ्याकडे नव्हती.

"मास्तर, मिडीला कान नसतात हो."

"मंग तर जास्तीच गप ऱ्हायला पायजे. न्हायतर त्याला वाटंल, आपन त्याचा फायदा घेतो."



पण रेकॉर्डिंगची त्यांची घाई खरी होती. बोटं आखडत चालली होती. धाकट्या मुलीच्या हळदीत धवला, म्हणजे लग्नात बायका म्हणतात ते गाणं, आपणच वाजवायचा असा त्यांचा हट्ट होता. तोवर हात चालला नाही, तर निदान हे रेकॉर्डिंग असावं. त्यांची बायको अंबाडी गावाकडच्या लग्नांत धवले म्हणायची. तिला जाऊन बरीच वर्षं झाली होती.

पहिल्यांदा मी धवला परत वाजवून दाखवला, तेव्हा कुणी हात न लावता कीबोर्ड वाजू लागला. मास्तर चटकन उठले आणि त्याला खुर्ची मोकळी करून दिली. थोडं ऐकलं आणि कपाळाला आठी पडली.

"ह्यो मी न्हाय."

माझ्याकडून क्वांटाइझ चालू राहिलं होतं. ते मागेपुढे पडलेला प्रत्येक सूर उचलून बरोबर ठोक्यावर बसवतं. दुसऱ्या ओळीनंतर मास्तर जरा थांबायचे, तो उशीर त्याने सरळ करून टाकला होता.

"थितं ती दम घ्यायची," मास्तर म्हणाले. "तिचा दम कापलास तू."

मी क्वांटाइझ बंद केलं. मग न सांगता पंखाही बंद केला. मला त्यांची फार माया वाटली त्या दिवशी.

हळद आली तेव्हा मास्तर नव्हते. दिवाळीनंतर गेले.

मांडवात त्यांचा कीबोर्ड मांडला, मागे त्यांची खुर्ची ठेवली आणि लॅपटॉप जोडला. गावातली वीज गेली होती, सगळं जनरेटरवर चाललेलं. मुकादम कारखान्यातली माणसं घेऊन आला होता. मी प्ले दाबलं, एकदोन सूर वाजले, तोच हा पठ्ठ्या बोट वर करून उभा राहिला.

"मास्टर का रेकॉर्डिंग है! पंखा बंद! जनरेटर बंद!"

कुणीतरी लगेच जनरेटर बंद केला. पंखे थांबले आणि कीबोर्डही मुका झाला. मी कपाळावर हात मारला.

लॅपटॉप मात्र बॅटरीवर चालूच होता. पडद्यावर मास्तरांचे सूर एकेक करून बिनआवाजाचे पुढे सरकत होते. हळदीने माखलेली त्यांची मुलगी पाटावरून वाकून बघू लागली.

"बाबा वाजवतान का?"

"हो. वाजवतायत."

तिने पडद्याकडे बघत धवला सुरू केला. मांडवातल्या बायका तिच्या आईच्या हाताखालीच धवले शिकलेल्या, त्यांनी मागून उचलला. कारखान्याची माणसं श्वास रोखून उभी होती. दुसरी ओळ संपली, पडद्यावर तेवढी जागा रिकामी आली, आणि सगळ्या बायकांनी तिथेच दम घेतला.